तांब्याभर पाणी

कुंडी उलटी केली तेव्हा सोनचाफ्याची मुळं काळी, कुजलेली निघाली. शर्वरीचे डोळे भरले. आईनं शेवटच्या भेटीत दिलेलं रोप होतं ते.

तिचे सासरे, अप्पा, गच्चीच्या दारातच थिजले. कुंड्यांना ठिबक सिंचनाच्या नळ्या बसवल्या तेव्हा ते म्हणाले होते, "थेंबाथेंबानं कुठं तहान भागते होय!" माती एका कोपऱ्यातच ओली दिसायची. विहीणबाईंची आठवण वाळू नये, म्हणून ते रोज गुपचूप तांब्याभर पाणी ओतायचे. पानं पिवळी पडली, तसे दोन तांबे ओतू लागले.

"अप्पा, तुम्ही नकोच म्हणत होतात," शर्वरी म्हणाली. "त्या ठिबकनंच घात केला. आता नवं रोप लावू, त्याला तुमच्याच हातानं पाणी घाला." तिनं तांब्या पुढे केला.

अप्पांना तो घेववेना. "नको, पोरी. जुनंही माझ्याच हातचं पाणी प्यायलं होतं."