पेटीतली ओल

सिगार मुरवायला यांनी खास लाकडी पेटी आणली. आत कायम ओलावा लागतो म्हणे. लातुरात आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, पेटीला मात्र रोज विकतचं डिस्टिल्ड वॉटर.

त्याच दिवशी यांनी सासूबाईंची मिश्रीची डबी फेकून दिली. "तंबाखूचा वास येतो. लोक काय म्हणतील?"

खरंच आहे. दाताला लावायची तंबाखू गावंढळ, ओढायची तंबाखू खानदानी!

गेल्या महिन्यात पक्षाचे साहेब जेवायला आले. नगरसेवकाच्या तिकिटाची बोलणी रंगात आली, तसे हे ऐटीत उठले आणि पेटी उघडली. आत सिगार नव्हतेच, काळ्या पुडीनं भरलेली डबी होती.

"आई, हे काय?"

"सकाळी बघितलं तर तुझ्या तंबाखूला सगळी ओल लागलेली. फेकून कसं द्यावं? तव्यावर भाजून मिश्री केली. लई झ्याक झाली हाय."

यांचा चेहरा पडला. साहेबांनी चिमूट घेतली, दातांवर फिरवली आणि डोळे मिटले. "मावशी, माझी आई अशीच भाजायची."

काल तिकीट जाहीर झालं. सासूबाईंना.

आता मिश्रीसाठी तवा हेच तापवतात.