अंजूची पक्की वही

फाटकाची कडी वाजली आणि दुपारचं निजलेलं घर जागं झालं. अंजू साकोलीहून कॉलेज करून आली, ती वही नाचवतच.

"वहिनी, मॅडमनं माझं लिहलेलं साऱ्या वर्गाले वाचून दाखवलं!"

रीनाच्या हातातलं सूप थांबलं. कॉलेजात लावलेली कादंबरी वाचून मनात काय आलं ते अंजूनं कच्चं लिहायचं आणि वहिनीचं अक्षर चांगलं, म्हणून तिनं ते पक्क्या वहीत उतरवायचं, असं ठरलेलं होतं. पोर निजली की रीनाही ती कादंबरी वाचून काढायची.

"वाच बरं, आमालेबी आयकू दे," सासूबाई म्हणाल्या.

अंजूनं वाचलं, "घर सोडून पळालेल्या त्या मुलीची सगळ्यांना कीव येईल. मला तिचा हेवा वाटला."

"अवो माय, कुठून सुचते वो तुले असं!" सासूबाईंनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. अंजू लाजून हसली. ते पाहून रीनाचा जीव जळला.

सहा वर्षांच्या गुड्डीनं मान वर केली. "आत्याचं पान तं आईनं चुलीत टाकलं होतं. हे आईनंच लिहलं."

गुड्डी आईला बिलगली.

"आई, तूबी घर सोडून जाशील काय वो?"