माउसचा सराव

१९९७ साली आमच्या इंदापूरच्या दूधसंस्थेत काळ्या पडद्याचा संगणक जाऊन रंगीत, माउसवाला आला. मी तिथे टायपिस्ट होते. संगणकाच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम होता, आणि मॅनेजर साहेबांचे बूट दिवसभर त्या दाराशी दिसायचे. माउस हाताला बसावा म्हणून आत पत्त्यांचा खेळ दिलाय, असं बसवणारा माणूस सांगून गेला होता. साहेब मन लावून सराव करत होते.

त्याच महिन्यात लासुर्ण्याचे कारकून अंकुशराव जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमागे पत्ते खेळताना सापडले. साहेबांनी त्यांना निलंबित केलं. काही दिवसांनी ते हात जोडून खोलीत आले, तेव्हा मी सह्या घ्यायला तिथेच उभी होते.

“साहेब, एकडाव माफी करा. पोरीचं लगीन तोंडावर हाय, सोयऱ्यांना काय सांगू?”

“ऑफिसात पत्ते चालणार नाहीत म्हणजे नाहीत,” साहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. त्यांचा डाव अडला होता.

अंकुशराव जरा वाकले. “साहेब, ती किलवरची दश्शी बदामच्या गुलामावर जातीय की.”

साहेबांनी पान सरकवलं. मग बाकीची भराभर बसली आणि जिंकलेले पत्ते पडद्यावर उड्या मारू लागले.



साहेब माझ्याकडे वळले. “सरोजिनीबाई, आदेश टाईप करा. संगणकाचं विशेष ज्ञान असल्यामुळे यांना कामावर परत घेण्यात येत आहे.”