अकरावं कार्ड

घड्याळजीकाकांनी गोलकीपरचं कार्ड ऑनलाइन लिलावात टाकल्याचं कळताच नर्स ड्युटीच्या कपड्यांतच त्यांच्या दुकानात शिरली. अकरा खेळाडूंच्या फुटबॉल संघातली दहा कार्डं तिने वर्षानुवर्षं दर रविवारी याच दुकानात काकांशी अदलाबदल करून जमवली होती. हे अकरावं काकांनी तिला कबूल केलं होतं. “लिलाव थांबवा, काका.” “बोली लागल्यावर थांबत नाही, पोरी. असल्या कार्डांच्या किमती बघून मोह आवरला नाही.” चार मिनिटं उरली होती. तिने उभ्याउभ्याच फोनवरून बोली लावली. कुणीतरी लगेच वरची लावली. तिने पुन्हा वाढवली, त्यानेही वाढवली. तिसऱ्यांदा काकांनीच तिचा हात धरला. “पुरे. अख्खा पगार घालवशील.” वेळ संपली. कार्ड अनोळखी माणसाचं झालं. काकांनी ते पाकिटात घालायला घेतलं, पण तिने ते त्यांच्या हातातून घेऊन स्वतःच घातलं. “रविवारी येशील ना, कार्डं घेऊन?” “येईन,” ती म्हणाली. “कार्डं घरी ठेवून.”