घासलेला कोपरा

सिमेंट, वाळू आणि जाडं मीठ कालवून काकांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी घरीच दगड बनवला होता. मीठ विरघळून त्याला भोकं पडली, माशांनी त्यात बस्तान बसवलं आणि हळूहळू दगडावर जांभळ्या शेवाळाचा थर चढू लागला.

टाकी बघायला आलेला फिशटँकवाला खूश झाला. "काका, कमाल केलीत! अगदी समुद्रातून काढून आणल्यासारखा वाटतोय. पण हा कोपरा तेवढा उघडा कसा?"

"रोज ब्रशने घासतो," काका म्हणाले.

"अहो, घासताय कशाला? तो थर म्हणजे दगडाचा जीव. वाढू द्या की!"

 तो गेल्यावर काकांनी बाही वर करून टाकीत हात घातला, ब्रश कोपऱ्याशी नेला आणि तसाच धरून ठेवला. दगड नुकताच थापलेला, ओला होता तेव्हा काकूंनी करवादून विचारलं होतं, "वाळलं का एकदाचं तुमचं हे चिखलकाम?" आणि तिथेच अंगठा दाबून बघितला होता.

 

काकू गेल्या, त्यांचा तेवढा ठसा मागे राहिला. पण आता तो घासला तर झिजत होता आणि सोडला तर बुजत होता.