शांत माळा

निळी मादी छपरावर उतरली, पण आत येईना.

एवाल्ड माळ्याच्या खिडकीशी उभा राहून वाटाण्याचा डबा खुळखुळवत होता. सकाळी जर्मनीच्या सीमेवर सोडलेलं कबूतर जेवणाच्या वेळेला घरी पोचलं होतं. आकाशात दुसरं एकही पाखरू नव्हतं. पण नुसतं पोचून भागत नाही. पाखरू खुराड्यात शिरलं पाहिजे, त्याच्या पायातली रबरी कडी काढून घड्याळात टाकली पाहिजे, खटका दाबला पाहिजे, तेव्हा कुठं वेळ नोंदली जाते. छपरावर बसलेल्या पाखराला कुणी पहिला नंबर देत नाही.

"ये गं बाई," एवाल्ड म्हणाला. "ये माझी राणी."

राणी चोचीनं पंख साफ करत बसली.

ही त्याची शेवटची शर्यत होती. कोळशानं खाल्लेल्या छातीला कबुतरांची धूळ चालायची नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. उद्या सोस्नोव्हिएत्स शहरातलं एक गिऱ्हाईक सगळी पाखरं घेऊन जाणार होतं. वेताच्या रिकाम्या टोपल्या जिन्याशी रचून ठेवल्या होत्या. खाणीत असल्यापासून एवाल्ड कबुतरं उडवत आला होता, आणि पहिला कधीच आला नव्हता.

"एवाल्ड, तुझी कोंबडी ऊन खात बसलीय रे!" शेजारच्या अंगणातून तेओफिल ओरडला. त्याचंही खुराडं उघडं होतं, आणि मान वर. "तिथंच अंडं घालायला सांग!"

"तुझी कुठं आहेत? प्रागला बिअर प्यायला उतरली काय?"

खालून बायकोचा, त्रूडाचा, आवाज आला. "मांस गार होतंय! पोराच्या बसची वेळ होत आली, आणि बाप बसलाय पाखरापाशी!"

तेवढ्यात पोरगाच वर आला. आखिम. अंगात नवा शर्ट, कमरेपर्यंतचे केस सकाळीच कापून टाकलेले. आज तो जर्मनीला कामाला निघाला होता.

माळ्याचा अर्धा भाग कबुतरांचा, आणि मधल्या फळ्यांपलीकडचा अर्धा आखिमचा. तिथं तो आणि त्याचे दोस्त संध्याकाळी वाद्यं बडवत असत. डेथ मेटल, ग्राइंडकोर अशी काहीतरी त्या संगीताची नावं पोरं सांगायची. एवाल्ड म्हणायचा, कापायला धरलेलं डुक्करसुद्धा इतकं केकाटत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये पोरांनी तिथंच एक आख्खी कॅसेट भरली. नाव 'काळं फुफ्फुस', वेष्टण झेरॉक्सचं. थोड्या विकल्या, बाकीच्या वाटल्या. पुढं ढोलवाल्याला सैन्याचं बोलावणं आलं, आणि शर्यत तोंडावर आली तसं उरलेल्यांना एवाल्डनं हाकलून दिलं. पाखरांना शांतता लागते. आठवडाभर माळा अगदी शांत होता.

आखिमनं खिडकीतून मादीकडं पाहिलं. ती मान वाकडी करून खुराड्याच्या तोंडाकडं बघायची, आणि पुन्हा कौलावर मागं सरायची.

"बाबा, तिला ही जागा ओळखू येत नाहीये."

"वेड लागलं काय तुला? इथंच तर अंड्यातून निघाली ती."

"हो. आणि तेव्हा फळ्यांपलीकडं आम्ही कॅसेट भरत होतो. तुम्ही सरावाला सोडायचात तेव्हाही आम्ही बडवतच असायचो. शांत माळा तिनं कधी ऐकलाच नाही."

एवाल्डचा डबा थांबला.

"आली!" तेओफिल ओरडला. "आली रे माझी!"

खाणीच्या मनोऱ्यावर एक ठिपका दिसत होता.

"लाव," एवाल्ड दात आवळून म्हणाला. "लाव ते तुझं डुक्कर."

आखिम दोन-दोन पायऱ्या ओलांडत खाली गेला आणि बांधलेली पिशवी उसकटून टेपरेकॉर्डर घेऊन आला. कॅसेट आतच होती. आधी नुसती खरखर झाली. मग पार खाणीच्या तळातून वर यावा तसा एक आवाज आला, आणि त्याच्यामागं धडाधड दगड कोसळू लागले.

तेओफिलचा कुत्रा विव्हळायला लागला. "येशू, मारिया!" तेओफिल म्हणाला. "एवाल्ड, कोण गेलं रे?"

निळीनं मान उंच केली. कौलांवरून तुरुतुरु खाली आली, खुराड्याच्या फळीवर उतरली आणि तोंडाशी लोंबणाऱ्या तारा ढकलून सरळ आत शिरली. त्या गदारोळात आपल्या दांडीवर बसून तिनं डोळे मिटायला घेतले.

एवाल्डनं तिला अलगद धरलं, कडी काढली, घड्याळात टाकली. खटका वाजला. तेओफिलचं पाखरू अजून धुराड्याभोवती घिरट्या घालत होतं.

एवाल्ड पेटीवर बसला. टेप चालूच राहिला, कुणी बंद केला नाही. एक गाणं चाकूनं तोडल्यासारखं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी, त्या फटीत, कुणीतरी खोकलं. लांब, ओला, आतून ओढून काढलेला खोकला, फळ्यांपलीकडून आलेला.

तो खोकला एवाल्डनं ओळखला.

"हा मी."

"हो."

"पुसता आला नसता?"

"आला असता. ढोलवाला म्हणत होता, पुसू या." आखिमनं नव्या शर्टाची बाही ओढली. "मीच नको म्हटलं."

दुसरं गाणं कोसळलं. खाली त्रूडा डावानं पातेलं बडवू लागली. "दोघंही आता उतरा! नाहीतर मी वर येते!"

आखिम टेप बंद करून उचलायला वाकला. एवाल्डनं आधीच हात घातला, झाकण उघडून कॅसेट काढली आणि बंडीच्या खिशात टाकली.

"ही इथंच राहू दे," तो म्हणाला. "पाखरांना लागेल."

आखिमनं जिन्याशी रचलेल्या रिकाम्या टोपल्यांकडं पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "लागेल."