खुर्ची चालेल असा गालिचा

दुकानदाराने चौथा गालिचा उलगडला आणि सून हरखून गेली. डाळिंबी जमीन, कडेने निळी वेल आणि मधोमध पिवळसर पाखरं. तिने उकिडवं बसून कोपरा उलटा केला. पाठीमागे पाखरू न पाखरू तितकंच स्पष्ट होतं. टोकाच्या झालरीला तिने हळूच ओढ देऊन बघितली. झालर वरून शिवलेली नव्हती, गालिच्याच्याच दोऱ्यांची होती.

"ताई, तुम्ही वेळ घालवायला आलेल्या नाहीत," दुकानदार खूश होऊन म्हणाला. "हाताने गाठी मारलेला अस्सल इराणी माल आहे."

ते तिला सांगायची गरज नव्हती. लग्नाआधीपासून ती गालिच्यांची चित्रं बघत आली होती. आता कुठे अंथरायला जागा झाली होती.

"सरका जरा," सासूबाई म्हणाल्या आणि व्हीलचेअर थेट पाखरांवर घातली.

"अहो आजी, चाकं!"

"मग? घरात काय मी उडत जाणार आहे? आणि आजी म्हणू नका. त्याला माझा नातू आहे."

गालिच्याची लव दाट होती. खुर्चीची पुढची बारकी चाकं तिच्यात रुतली, आडवी झाली आणि खुर्ची मधेच थबकली. दुकानदार ढकलायला धावला, तसा सासूबाईंनी हात वर करून त्याला जागच्या जागी थांबवलं. दात-ओठ खाऊन त्यांनी चाकं मागे ओढली, पुन्हा ओढली, आणि एकदाच्या फरशीवर आल्या. लव दबून दोन चर उमटले होते.

सुनेचा चेहरा पडला. घरात बेल वाजली की दार सासूबाई उघडत. खिडक्या त्यांच्या, फोन त्यांचा, दूधवाल्याशी वाद घालायचा मानही त्यांचाच. हा गालिचा बैठकीत पडला की त्या आपल्या खोलीत अडकल्या म्हणून समजा.

"आई, राहू दे. आपल्याला गालिचा नकोच," ती म्हणाली. "भिंतीवर छानसं चित्र लावू." हे वाक्य तिने गाडीतच तयार ठेवलं होतं, तरी बोलताना आवाज कापला.

"हे बघ, माझ्यावर उपकार नकोत," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या नावाने तू फरशी उघडी ठेवणार आणि त्या फरशीवरून दिवसभर फिरायचं मी. मला बोचेल ते. गालिचा घेतल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

"मावशी, नवी लव अशीच असते," दुकानदाराने आता नातं बदलून बघितलं. "खरा गालिचा पायाखाली जाईल तसा खुलतो. काही वर्षं जाऊ द्या, मग बघा."

"काही वर्षं जाऊ द्यायला मला सवड नाही. खुललेला दाखवा."

दुकानदार हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुकानभर नजर फिरवली, खुर्ची वळवली आणि थेट त्याच्या टेबलाशी गेल्या. टेबलाखाली आणि आजूबाजूला एक विटकरी गालिचा होता. येणारा-जाणारा त्याच्यावरूनच जायचा.

"हा कसा दिला?"

"तो विकायचा नाही. वडिलांनी अंथरलाय. पार झिजलाय."

"म्हणजे खुललाय," सासूबाई म्हणाल्या.

सून तोवर कोपरा उलटून बसलीसुद्धा होती. गाठी इतक्या बारीक होत्या की बोटाला नुसती खरखर लागत होती.

"झिजलाय, पण कुठे गाठ सुटलेली नाही," ती म्हणाली. तिचा आवाज आता कापत नव्हता.

सासूबाईंनी खुर्ची आत घातली. चाकं अजिबात न वाजता निघाली. त्यांनी टेबलाला एक वळसा घातला, उलटा आणखी एक घातला, आणि दुकानदाराकडे बघत बसल्या. शेवटी त्याला हसू आलं. आपल्याच बोलण्यात आपण सापडलो, हे त्याला केव्हाच कळलं होतं. भाव सुनेने केला, तोही चहा न घेता.

माणसं बोलावून टेबल उचललं, तेव्हा सगळेच बघत राहिले. टेबलाच्या मापाचा एक चौकोन तसाच्या तसा ताजा होता. गडद लाल रंग, उभी दाट लव आणि त्यात निळं फूल.

"अगं बाई, असा होता हा!" सून जमिनीवरच बसली. तिला भरून आलं.

दुकानदार ओशाळला. "एवढा भाग वेगळा दिसतोय खरा. सोफ्याखाली जाऊ द्या, कळायचंही नाही कुणाला."

सासूबाईंनी खुर्ची त्या चौकोनाकडे नेली. काठाशी पुढची चाकं अडली. सुनेचा हात खुर्चीच्या मुठीकडे गेला, पण तिने तो मागे घेतला. सासूबाईंनी खांद्यातून जोर लावला. चाकं लवेवर चढली, हळूहळू फुलावरून गेली आणि पलीकडे उतरली.

"सोफ्याखाली कशाला?" मागे वळून त्या म्हणाल्या. "दाराच्या वाटेवर येऊ दे. इतकी वर्षं टेबलाखाली नुसतं जपून ठेवलंय बिचाऱ्याला."